मुलीला फोन घ्यायचाय: मोटो जी३४ की सॅमसंग एफ१५?

जून २०२४ च्या पत्रांमध्ये (किमती त्या वेळच्या) दोन पत्रं नेमक्या त्याच दोन फोनांबद्दल आहेत. एक बार्शीहून आलंय, एक शारजाहून. दोघांना मी वेगवेगळी उत्तरं देतेय, त्यामुळे दोन्ही सोबतच छापायला सांगितली.

प्रश्न: ताई, नमस्कार. बार्शीत माझी पिठाची गिरणी आहे. मुलगी दहावी झाली. अकरावी आणि नीटच्या क्लाससाठी तिला लातूरला हॉस्टेलवर ठेवतोय. क्लासवाले लेक्चरं आणि नोट्सच्या पीडीएफ फोनवरच पाठवतात, म्हणून फोन द्यावाच लागेल. बजेट तेरा हजार, ओढूनताणून पंधरा. दुकानदारानं दोन फोन पुढे ठेवले. मोटोरोलाचा जी३४ फाइव्ह-जी, ८ जीबी रॅमचा, ११,९९९ रुपयांना. आणि सॅमसंगचा एफ१५ फाइव्ह-जी, ४ जीबीचा १२,९९९ ला, ६ जीबीचा १४,४९९ ला. दुकानदार म्हणतो, मोटो घ्या, रॅम दुप्पट आणि वर पैसे वाचतात. मेव्हणा म्हणतो सॅमसंगच घे. एकदा घेतला की चार-पाच वर्षं परत बघायला लागू नये एवढीच इच्छा आहे. काय करू? — एक वाचक, बार्शी

उत्तर: दादा, तुमच्या पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे. चार-पाच वर्षं. दुकानदारानं ते विचारलंच नसणार. गिऱ्हाईक काउंटरवर आलं की बोलणं रॅम, कॅमेरा आणि किंमत यांवरच फिरतं. सांगलीत मोबाईल दुरुस्तीच्या टेबलावर मी बरीच वर्षं बसले. टेबलाच्या माझ्या बाजूला फोन यायचे ते दोन-तीन वर्षं वापरून झाल्यावर. त्यामुळे नवा फोन हातात घेतला तरी माझी नजर आधी त्याच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाकडे जाते.

आधी दुकानदाराचं जे खरं आहे ते मान्य करते. मोटो जी३४ हा पैशाच्या मानानं चांगला फोन आहे. त्यातला स्नॅपड्रॅगन ६९५ हा प्रोसेसर २०२१ सालचा, आणि एफ१५ मधला डायमेन्सिटी ६१००+ हा २०२३ चा. नवा तो वेगवान असं आपण धरून चालतो, पण इथं जुनाच थोडा पुढे आहे, कारण त्याचे दोन मोठे कोर, म्हणजे प्रोसेसरमधले जड काम करणारे भाग, वरच्या पिढीचे आहेत. मोटोत ८ जीबी रॅम आहे, स्क्रीन १२० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारी आहे, दोन स्पीकर आहेत, आणि चार्जर डब्यातच मिळतो. हातात घेतल्यावर तो सॅमसंगपेक्षा चपळ वाटेल. दुकानात दहा मिनिटं दोन्ही चालवून पाहिले तर तुम्हीही मोटोच उचलाल.

आता पुढचं. अँड्रॉइड फोनला कंपनी दोन गोष्टी पुरवत राहते. एक म्हणजे अँड्रॉइडची नवी आवृत्ती, दुसरी म्हणजे सिक्युरिटी अपडेट. दुसरी जास्त महत्त्वाची. फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये सतत नवी भोकं सापडत असतात आणि सिक्युरिटी अपडेट ती बुजवतो. तो यायचा थांबला की फोन बंद पडत नाही, कॉल लागतात, व्हॉट्सअ‍ॅप चालतं, पण सापडलेली भोकं उघडी राहतात. मुलगी त्याच फोनवर बँकेचं अ‍ॅप, यूपीआय, डिजिलॉकर आणि प्रवेशाचे ओटीपी वापरणार.

मोटोरोलानं जी३४ ला अँड्रॉइडची एक नवी आवृत्ती, म्हणजे अँड्रॉइड १५, आणि तीन वर्षं सिक्युरिटी अपडेट कबूल केलेत. सॅमसंगनं एफ१५ ला चार आवृत्त्या आणि पाच वर्षं. ही वर्षं तुमच्या बिलाच्या तारखेपासून धरू नका, मॉडेल बाजारात आलं तिथून धरा. जी३४ भारतात आला जानेवारी २०२४ मध्ये, म्हणजे जानेवारी २०२७ ला मुदत संपते. एफ१५ आला मार्च २०२४ मध्ये, त्याची मुदत मार्च २०२९ पर्यंत. तुमच्या मुलीची बारावी आणि नीट २०२६ ला. मोटो घेतला तर कॉलेजचं पहिलं वर्ष निम्म्यावर येईतो फोनचं पहारेकरीपण संपलेलं असेल. सॅमसंग घेतला तर ते संपेल तेव्हा ती पदवीच्या तिसऱ्या वर्षात असेल.

आता पैशांचा हिशेब मांडू. गिरणी चालवता म्हणजे हा हिशेब तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर होईल. जी३४ चे ११,९९९ रुपये, सिक्युरिटीची शिल्लक मुदत जून २०२४ पासून दोन वर्षं सात महिने. वर्षाला साधारण ४,६५० रुपये पडले. एफ१५ ची ६ जीबीची आवृत्ती १४,४९९. सॅमसंग डब्यात चार्जर देत नाही, त्याचे तेराशे-एक रुपये धरा, म्हणजे १५,८०० च्या आसपास. शिल्लक मुदत पावणेपाच वर्षं. वर्षाला साधारण ३,३०० रुपये. काउंटरवर जो फोन अडीच हजारांनी महाग दिसतो तो वर्षाच्या हिशेबात तेराशे-साडेतेराशेंनी स्वस्त निघतो.

या हिशेबाला दुसरी बाजू आहे, तीही सांगते. मुदत संपल्यावरही लोक फोन वापरतातच. जी३४ चार वर्षं वापरला तर तो वर्षाला ३,००० च्या घरात पडतो, आणि मग तोच स्वस्त. पण त्यातलं शेवटचं दीड वर्ष मुलगी बँकेचे व्यवहार अपडेट न येणाऱ्या फोनवर करणार. परगावी एकटी राहणाऱ्या मुलीच्या बाबतीत मी ते दीड वर्ष वाचवलेल्या पैशांत धरणार नाही.

पण मेव्हण्याचं म्हणणं जसंच्या तसं मी मान्य केलेलं नाही. ४ जीबीचा एफ१५ घेऊ नका. दुकानदाराची रॅमची हरकत तिथं शंभर टक्के बरोबर आहे. सॅमसंगचं सॉफ्टवेअर भरगच्च असतं. ४ जीबीत आज काम भागेल, पण लेक्चर लावून ठेवलंय, मधेच पीडीएफ उघडली आणि परत लेक्चरवर आली की ते पहिल्यापासून लोड व्हायला लागतं, हे तिला लवकरच जाणवेल. पाच वर्षं अपडेट मिळणारा फोन दुसऱ्याच वर्षी हँग व्हायला लागला तर त्या अपडेटचा उपयोग काय? कुणी म्हणेल, सेटिंगमधून रॅम वाढवता येते, ४ अधिक ४ म्हणजे ८ होते. तसं होत नाही. ती वाढीव रॅम म्हणजे स्टोरेजमधली थोडी जागा उसनी घेतलेली असते, आणि स्टोरेज रॅमच्या मानानं फार मंद असतं. ओट्यावर मावत नाहीत म्हणून भांडी माळ्यावर ठेवली तर जागा होते, पण दर वेळी शिडी लावायला लागते. म्हणून सॅमसंग घेणार असाल तर ६ जीबीचाच, आणि तेवढे पैसे जमत नसतील तर ४ जीबीच्या सॅमसंगपेक्षा ८ जीबीचा मोटो बरा. हे मी ठामपणे सांगते.

स्क्रीनबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तुमच्या मुलीच्या बाबतीत पाच वर्षं डोळ्यांसमोर तीच असणार. दोन्ही स्क्रीन साडेसहा इंचांच्या. मोटोची ७२० बाय १६०० बिंदूंची, सॅमसंगची १०८० बाय २३४०. म्हणजे एका इंचात मोटोत २७० च्या आसपास बिंदू आणि सॅमसंगमध्ये ३९६ च्या आसपास. गाणी-रील बघणाऱ्याला हा फरक जाणवणारही नाही. पण जीवशास्त्राच्या पुस्तकातली मूत्रपिंडाची आकृती घ्या, बाण आणि बारीक अक्षरांत नावं. किंवा सेंद्रिय रसायनातली लांबलचक अभिक्रिया, बाणाच्या वर एक आणि खाली एक असं लिहिलेली. पीडीएफ पूर्ण पानाची उघडली की कमी बिंदूंच्या स्क्रीनवर ती अक्षरं पुसट दिसतात, दर वेळी दोन बोटांनी मोठं करायला लागतं. रोज तीन-चार तास वाचणाऱ्या मुलीला याचा त्रास होतो. दुकानात दोन्ही फोनवर तिच्या क्लासची एक पीडीएफ उघडून तिच्याच हातात द्या. जाहिरातीचा व्हिडिओ बघून ठरवू नका.

सॅमसंगची स्क्रीन एमोलेड आहे. रंग गडद, काळा खरोखर काळा. पण ब्राइटनेस कमी केला की एमोलेड स्क्रीन अतिशय वेगानं उघडझाप करते. बहुतेकांना ते कळत नाही, काहींचं मात्र डोकं दुखतं. मुलीला अर्धशिशीचा त्रास असेल तर दुकानात ब्राइटनेस अगदी खाली आणून तिला दहा-पंधरा मिनिटं वाचायला द्या. डोळे दुखायला लागले तर माझं सगळं म्हणणं बाजूला ठेवा आणि मोटो घ्या.

एमोलेडची दुसरी गोष्ट दुरुस्तीची. फोन पडून स्क्रीन फुटली तर एमोलेडचा कॉम्बो, म्हणजे काच आणि डिस्प्ले मिळून एकच भाग, साध्या एलसीडी स्क्रीनच्या कॉम्बोपेक्षा महाग पडतो. मग काही दुकानांत एमोलेडच्या जागी साधा एलसीडीचा कॉपी डिस्प्ले बसवून देतात. पैसे निम्मे लागतात, पण उजेड कमी पडतो आणि बॅटरी लवकर उतरते. असे डिस्प्ले बदलून दिलेले फोन माझ्या टेबलावर पुष्कळ यायचे, ‘बॅटरी गेलीय, बदला’ म्हणून. बॅटरी धडधाकट असायची. तेव्हा फोन घेतल्या दिवशीच टेम्पर ग्लास आणि कडा उंच असलेलं जाड कव्हर घाला. लातुरात सर्व्हिस सेंटर हॉस्टेलपासून किती लांब आहे तेही तिला दाखवून ठेवा.

बॅटरी मोटोत ५,००० एमएएच, सॅमसंगमध्ये ६,०००. हॉस्टेलच्या खोलीत चौघींत एक-दोन प्लग असतात, तिथं हा फरक रोज जाणवतो. पण मला मोठी बॅटरी आवडते ती वेगळ्या कारणानं. बॅटरी झिजते ती ती किती वेळा पूर्ण भरली आणि पूर्ण रिकामी झाली यावर. रोजचा वापर ५,००० चा असेल तर मोटोची वर्षाला ३६५ वेळा पूर्ण उलाढाल होते, सॅमसंगची ३०४ च्या आसपास. चौथ्या वर्षी हा फरक बॅटरी बदलण्याच्या खर्चात दिसतो. सॅमसंग त्या मानानं जड आहे, २१७ ग्रॅम, मोटो साधारण १८० चा.

चार्जरचं एक. सॅमसंगच्या डब्यात जी केबल येते तिच्या दोन्ही टोकांना टाइप-सी असतं, त्यामुळे घरातला जुना चौकोनी तोंडाचा चार्जर त्या केबलला लागणार नाही. जुनी केबल वापरून तो चार्जर चालेल, फक्त हळू. रात्री लावून सकाळी काढायचा असेल तर २५ वॅटचा चार्जर लगेच घेतलाच पाहिजे असं नाही. पहिल्या महिन्यात पैशांची ओढ असेल तर एवढा खर्च दिवाळीपर्यंत पुढे ढकला. रस्त्यावरचा दीडशे रुपयांचा चार्जर मात्र नको.

कॅमेऱ्याबद्दल एका ओळीत: दोन्हींत मुख्य कॅमेरा ५० मेगापिक्सेलचा, फळ्याचे फोटो दोन्हींत वाचता येतात, पुढे विचार नको. इयरफोनचा जॅक दोन्हींना आहे, फाइव्ह-जी दोन्हींत आहे.

तर माझं उत्तर एफ१५, ६ जीबी रॅम, १२८ जीबी स्टोरेज. पक्कं बिल घ्या. डबा फोडल्यावर दुकानातच *#०६# डायल करा, स्क्रीनवर येणारा आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक डब्यावरच्या आणि बिलावरच्या क्रमांकाशी जुळतोय ना ते बघा. सॅमसंग पहिल्यांदा सुरू करताना मधेच अ‍ॅपची एक यादी दाखवतो, त्यातल्या सगळ्या खुणा काढून टाका, नाहीतर गेम आणि खरेदीची नको ती अ‍ॅप आपोआप बसतात. आणि मुलीला सेटिंगमध्ये ‘अबाउट फोन’खाली सिक्युरिटी अपडेटची तारीख कुठं दिसते ते शिकवा. दोन-तीन महिन्यांनी तिनं ती बघावी. जुनीच राहिली असेल तर वायफायवर फोन अपडेट करून घ्यावा.

प्रश्न: ताई, मी शारजाला नोकरी करतो. वडील कुडाळला एकटे असतात, वय एकाहत्तर. त्यांचा जुना फोन पाण्यात पडून गेला. मला इथून ऑनलाइन मागवून द्यायचाय. मोटो जी३४ ची ४ जीबीची आवृत्ती १०,९९९ ला आहे, सॅमसंग एफ१५ ची ४ जीबीची १२,९९९ ला. ते व्हॉट्सअ‍ॅपवर आमच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलतात, यूट्यूबवर कीर्तन ऐकतात, लाइटबिल भरतात. फोन सुरक्षित हवा म्हणून सॅमसंगकडे कल आहे. — एक वाचक, शारजा

उत्तर: भाऊ, वरचं उत्तर वाचून तुम्ही सॅमसंगचीच ऑर्डर टाकाल, म्हणून थांबवते. वडिलांना मोटो घ्या, आणि घेताना १०,९९९ चा न घेता ११,९९९ चा ८ जीबीवाला घ्या. हजार रुपयांत दुप्पट रॅम मिळतेय, आणि म्हाताऱ्या माणसाला फोन अडकण्याचा जेवढा मनस्ताप होतो तेवढा आपल्याला होत नाही. आपण फोन बंद करून चालू करतो. त्यांना वाटतं आपल्याच हातून काहीतरी बिघडलं.

मोटो निवडण्याचं पहिलं कारण वजन. एकाहत्तराव्या वर्षी नातवंडांशी अर्धा तास व्हिडिओ कॉलवर बोलायचं म्हणजे फोन हातात धरून ठेवायचा. १८० ग्रॅम आणि २१७ ग्रॅम यांतला फरक तेव्हा मनगटाला कळतो. दुसरं कारण आवाज. मोटोला दोन स्पीकर आहेत, सॅमसंगला खालच्या बाजूला एक, आणि फोन आडवा धरला की तो नेमका तळव्याखाली झाकला जातो. कीर्तन ऐकणाऱ्याला दोन स्पीकर हवेत. तिसरं, मोटोचं सॉफ्टवेअर सुटसुटीत आहे, फोनवरून तुम्हाला त्यांना ‘आता वरून खाली ओढा’ असं सांगायचं झालं तर कमी गोंधळ होईल. चार्जर डब्यात येतो, तो शोधायला त्यांना बाजारात जायला नको. स्क्रीनच्या कमी बिंदूंची चिंता करू नका, तुम्ही त्यांची अक्षरं सेटिंगमधून मोठी करूनच देणार आहात.

आता सुरक्षिततेचं. जानेवारी २०२७ नंतर मोटोला सिक्युरिटी अपडेट येणार नाहीत, हे खरं. व्हॉट्सअ‍ॅप तोवर बंद पडेल ही भीती मात्र काढून टाका. २०२४ मध्येही व्हॉट्सअ‍ॅप अँड्रॉइड ५ वर चालत होतं, आणि ती आवृत्ती २०१४ सालची आहे. पण वडिलांसारख्या माणसाला फसवणारे लोक सॉफ्टवेअरच्या भोकातून कमी येतात, फोन करून जास्त येतात. ‘तुमची लाइट आज रात्री कापणार’ असा मेसेज येतो, त्याच्या पाठोपाठ एखादं अ‍ॅप टाकायला सांगणारा माणूस बोलायला लागतो. पाच वर्षांचे अपडेट त्याला अडवू शकत नाहीत. तुम्ही अडवू शकता. त्यांच्या यूपीआयला जोडलेल्या खात्यात लाइटबिल आणि किराण्यापुरतेच पैसे राहू द्या, पेन्शनचं खातं वेगळं ठेवा. बिल भरायचं तेव्हा त्यांनी आलेल्या लिंकवर न जाता स्वतः अ‍ॅप उघडून भरावं, एवढी एक सवय लावा. आणि सायबर फसवणुकीचा सरकारी मदत क्रमांक १९३० त्यांच्या फोनमध्ये तुमच्या नंबरच्या खालोखाल सेव्ह करा. पैसे गेले असं वाटलं की तासाभरात तिथं फोन केला पाहिजे.

पाण्याचं तुम्ही लिहिलंय. कोकणातला पाऊस आहे, पण या किमतीतले हे दोन्ही फोन शिंतोड्यांपलीकडे काही सहन करत नाहीत. शेतावर-बाजारात जाताना झिपची प्लास्टिक पिशवी हाच उपाय. आणि परत पाण्यात पडलाच तर चार्जिंगला लावून ‘चालू होतोय का’ बघू नये, तसाच बंद ठेवून दुरुस्तीला न्यावा. पाण्यानं मेलेल्या बोर्डांपैकी कितीतरी खरं म्हणजे ओले असताना चार्जिंगला लावल्यामुळे मेलेले असतात.

प्रश्न: ताई, मी कॉलेजला आहे, फलटणला. फोन ‘नो कॉस्ट ईएमआय’वर घेतला तर खरंच एकही रुपया जास्त जात नाही का? — एक वाचक, फलटण

उत्तर: जातो, पण तो वेगळ्या नावानं जातो. शून्य टक्के व्याज ही गोष्टच अस्तित्वात नाही, असं रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्ये बँकांना लिहून कळवलंय. व्याज असतंच, विकणारा तेवढी सूट दाखवून ते झाकतो. त्यावर बँक व्याजाच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी लावते, प्रोसेसिंग फी वेगळी घेते, आणि बऱ्याचदा रोखीनं घेणाऱ्याला मिळणारी सूट तुला मिळत नाही. तू दुकानदाराला दोनच आकडे कागदावर लिहून माग: आज रोख दिले तर किती, आणि सगळे हप्ते अधिक फी अधिक जीएसटी मिळून किती. दोन्हींतला फरक पाचशेच्या आत असेल आणि हप्ता तुझ्या कमाईतून फिटणार असेल तर घे. हप्ता घरून येणाऱ्या पैशांतून भरणार असशील तर आधी घरी तो दुसरा आकडा दाखव.